सतरा नंबरच्या जागेवरून

मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्या शिक्षणात गाड्यांचं वेळापत्रक वाचता येते आणि रजिस्टर भरता येते. आणखी शिक्षणाची मले गरज पडली नाही. दुर्ग लाइनवर सगळी हयात फाटकावर नोकरी केली. बारा तासांची ड्यूटी, एक खोली, एक फोन, दोन झेंड्या. माझ्या फाटकावर कोणाचं वासरू बी कटलं नाही. बढाई म्हणून नाही सांगून राहिलो, रजिस्टर होतं, त्यात लिहिलेलं होतं.

फाटकावरच्या फोनचा एक कायदा होता. तो सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे. स्टेशनातून मास्तर फोन करत, गाडी सुटून राहिली, फाटक लावा. मी फाटक लावायचो आणि फोनवर सांगायचो, लावलं. पण नुसतं ‘लावलं’ म्हटल्यानं कोणी मानत नव्हतं. माझ्याजवळ एक कागद असे, त्यावर दोन दोन आकडी नंबर. त्यातला एक मी सांगायचो, मास्तर तो लिहून घेत. त्याले प्रायव्हेट नंबर म्हणत. दिलेला नंबर लगेच कागदावर खोडायचा, पुन्हा द्यायचा नाही. नंबर दिला म्हणजे माणूस जागा आहे, शुद्धीत आहे आणि जे बोलून राहिला ते खरं आहे. नंबर नाही, तर बोलणं झालंच नाही.

रिटायर झालो तेव्हा पोरगा म्हणाला, भिलाईत वैशाली नगरात माझ्याकडं राहा. मी म्हणलं, दुसऱ्याच्या फाटकात मी राहत नाही. भिलाई-३ च्या पुढं एका गावात जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या. छतावर उभं राहिलं की कारखान्याचा धूर दिसते, हथखोजच्या कारखान्यांचे भोंगे ऐकू येतात, आणि मोबाईलमध्ये रेंज मात्र नाही. बायको म्हणे, “पोराशी बोलाचं असंल तर भोंगा वाजवा आता.”

मोबाईल पोरानंच दिला होता, बटनांचा. एकदा नातवानं त्याच्या मोठ्या फोनात माझं बोलणं भरून मले ऐकवलं. मी म्हणलं, हा कोण थकलेला म्हातारा? तो हसत हिंदीत म्हणाला, दादाजी, आप ही हो. मी मानलं नाही. माझा आवाज तसा नाही.

गाव खोलगट आहे. एका अंगाले जुनी दगडाची खदान, बंद पडलेली. तिच्यात हिरवं पाणी भरून आहे. खदानीच्या पलीकडं, उभ्या कापलेल्या दगडाच्या पायथ्याशी, एकच घर. नवरा-बायको दोघं राहत, मजुरीवर जात, दोघं छत्तीसगढी. मागच्या पावसाळ्यात ती बाई तिथं अडली. नवरा फोन घेऊन खदानीच्या काठानं फिरला. गाडी आली नाही. मूल गेलं, बाई कशीबशी वाचली. आता तिले पुन्हा दिवस गेले होते, तिसरा सरून चौथा लागला होता.

हे सगळ्यात जास्त टोचत होतं आमच्या मितानीनले. मितानीन म्हणजे गावातली आरोग्याची बाई, बाळंतपणाले, तापाले धावून जाणारी. हिचं माहेर गोंदियाकडचं, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायची, मले काकाजी म्हणायची आणि माझ्याशी भांडायची बी. तिनं टॉवरवाल्या कंपनीच्या माणसाले पंचायतीत बोलावून आणलं. तो म्हणाला, एक छोटा खांब देता येईल, एकच. शाळेकडं लावायचा की खदानीकडं, ते तुम्ही लिहून द्या. जिथं फोन थोडा बी लागते, तिकडं खांब देणार नाही. हातानं लिहिलेलं चालंल, पण खरं पाहिजे.

आता गावातल्या लोकांचं खरं म्हणजे काय? एक म्हणे माझ्या छतावर तीन काड्या येतात, दुसरा म्हणे विहिरीजवळ लागते, तिसरा म्हणे झाडावर चढलं तर लागते. मितानीन वैतागली. मी तिले म्हणलं, “बाई, असं नाही होत. काड्या मोजून काही समजत नाही. नंबर पाहिजे.”

“कायचा नंबर, काकाजी?”

मी तिले फाटकाचा कायदा सांगितला. तिनं गालाले हात लावून ऐकलं. मग म्हणाली, “रेल्वेनं तुमाले सोडलं, पण तुमी काई रेल्वेले सोडून नाई राहिले.” पण मानलं.

गावभर बावीस जागा ठरवल्या. प्रत्येक जागी दगडावर चुन्यानं आकडा लिहिला. तो मी लिहिला, माझे आकडे सुंदर आहेत. एक नंबर शाळेपाशी, सतरा नंबर खदानीपलीकडच्या त्या शेवटच्या घराच्या अंगणात. पंचायतीची खोली शाळेजवळ, तिथं थोडं लागते, म्हणून मितानीन तिथं पंचायतीचा मोबाईल घेऊन बसणार. मी जागेजागेवरून फोन लावणार, जागा सांगणार, माझ्या कागदावरचा एक नंबर देणार. ती तिच्या कागदावरचा एक नंबर मले देणार. दोघं आपापल्या रजिस्टरमध्ये लिहिणार. संध्याकाळी दोन्ही रजिस्टर जुळवायचे. जुळलं तर लागते, नाही तर नाही.

बायको म्हणाली, “हिरवी झेंडी बी घेऊन जा. फोन आला तर दाखवता येईल.”

शिमगा होऊन गेला होता, ऊन चढत होतं. शाळेकडच्या चार-पाच जागा कशा तरी लागल्या, बाकी सगळीकडं नुसती टूं टूं. भर दुपारी मी सतरा नंबरवर पोचलो. घराले कुलूप होतं, दोघं मजुरीले गेलेले. खदानीजवळ भर उन्हात बी गारवा असते, पाण्यातून येते तो. पण त्या पाण्यावर पक्षी बसत नाही. बेडूक बी मी तिथं कधी ऐकला नाही. मागं दगडाची भिंत, पुढं हिरवं पाणी, मधे मी आणि चुन्यानं लिहिलेला सतरा.

फोन लावला. रिंग वाजली नाही. पण फोन बंद बी झाला नाही. उघडी लाइन कशी असते ते मले माहीत आहे. रुळाले कान लावला तर दूरची गाडी येण्याच्या आधी जसं काही तरी आत चालत असते, तसं होतं. मी म्हणलं, “सतरा. माझा नंबर तेवीस.”

कोणी तरी श्वास घेतला. मग पुरुषाचा आवाज आला, थकलेला. “एकेचाळीस.”

आणि बंद.

मले वाटलं पंचायतीच्या चपराशानं उचलला असंल. मी रजिस्टरमध्ये लिहिलं. जागा सतरा, दिला तेवीस, मिळाला एकेचाळीस, लागते. अठरा नंबरकडं चाललो, तर मान मागं वळून राहिली होती. मी वळू दिली नाही.

संध्याकाळी रजिस्टर जुळवले. मितानीनच्या रजिस्टरमध्ये सतरापुढं काहीच नव्हतं.

“सतरावरून फोन आलाच नाई, काकाजी.”

“चपराशानं उचलला.”

“चपराशी आज आलाच नाई. मी एकटी बसून होती.”

“मग तुझा डोळा लागला असंल.”

“आणि एकेचाळीस नंबर कोणी दिला? माझ्या कागदावर एकेचाळीस नाईच. पाहा. तुमच्या बी नाई.”

पाहिलं. दोन्ही कागदांवर नव्हता. तिनं माझा फोन घेतला, बटनं दाबली. लावलेल्या फोनात पंचायतीचा नंबर होता, दुपारची वेळ होती, आणि बोलणं शून्य. लागलाच नाही असं फोन म्हणत होता.

“ऊन लागलं तुमाले,” ती हळू आवाजात म्हणाली. “खोडा ते.”

खोडा म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. सगळ्या नोकरीत मी एक बी नोंद खोडली नाही. मोठे साहेब येऊन गेले, चौकशा झाल्या, मी जे ऐकलं तेच लिहिलं आणि जे लिहिलं तेच राहिलं. मी म्हणलं, “माझ्या कानानं ऐकलं ते मी खोडत नाही. बटनाचं ऐकून तर मुळीच नाही.”

“मग खांब शाळेकडं जाईल, काकाजी. दोन्हीकडं थोडं लागते असं लिहून दिलं, तर एका घरासाठी खदानीकडं कोण देईल? तिचे पाच महिने राहिले आहेत फक्त.”

“लागते तर लागते.”

ती उठून गेली. तीन दिवसांत कंपनीचा माणूस रजिस्टर न्यायले येणार होता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून रजिस्टर उघडून बसलो. बायकोनं ताट पुढं सरकवत विचारलं, “कावून तोंड पाडून बसले?” मी सांगितलं. ती आधी हसली, मग हसली नाही. म्हणाली, “आवाज ओळखीचा होता का?”

मी म्हणलं, “नाही.” पण विचारल्यावर मले वाटलं की होता. कोणाचा, ते समजून नव्हतं राहिलं. मास्तरचा नव्हे, त्यांचा आवाज जाड होता.

मितानीन तिसऱ्या दिवशी सकाळी दारात आली. भांडायच्या तयारीनं नव्हती आली. म्हणाली, “काकाजी, नंबर-बिंबर सोडा. आज तुमी सतरावर जा, दुपारी फोन लावा आणि मले फक्त म्हणा, निघ. मी स्कूटी दारात उभी करून बसते. फोन आला की दहा मिनिटांत तिथं येते. मी आली तर लागते. नाई आली तर…”

“तर मी पाहीन,” मी म्हणलं.

गेलो. आज घर उघडं होतं. ती बाई घरीच होती, तिले मितानीननं कामावर जायले मना केलं होतं. नवरा कामावर गेला होता. तिनं खाट टाकून दिली आणि आत गेली. मी दगडापाशी उभा राहून फोन लावला. पुन्हा तसंच. रिंग नाही, आणि उघडी लाइन.

“सतरा,” मी म्हणलं.

“एकेचाळीस.” तोच. आज जास्त जवळ होता, माझ्या कानाच्या आत असल्यासारखा.

“निघ,” मी म्हणलं.

पुन्हा तोच श्वास. मग, “हो.”

मी खाटेवर बसलो. दहा मिनिटं म्हणजे काय ते मले घड्याळ न पाहता समजते, तेवढं काम मी हयातभर केलं. दहा झाली. वीस झाली. रस्त्यावर धूळ उठली नाही. दगडाच्या भिंतीची सावली माझ्या पायावर आली, मग गुडघ्यावर आली. मले वाटलं, मितानीन मुद्दाम येऊन नाही राहिली. तिले आपलंच खरं करायचं आहे. असा संताप आला की मी उठून उभा राहिलो.

तेवढ्यात ती घरातली बाई लोट्यात पाणी घेऊन आली. म्हणाली, “काखर रस्ता देखत हस, बबा?” कोणाची वाट पाहून राहिला, बाबा.

मी म्हणलं, मितानीनची. फोन केला, हो म्हणाले, आणि अजून कोणी आलं नाही.

तिच्या हातातला लोटा तसाच राहिला. मग ती खाली बसली, अंगणात, चुन्याच्या दगडाजवळ. जे बोलली ते छत्तीसगढीत बोलली, मी आपल्या भाषेत लिहितो.

“मागच्या वर्षी बी असंच झालं, बबा. माझा माणूस इथं उभा राहून फोन लावत होता. मी आत होती. त्यानं येऊन सांगितलं, लागला, लागला. म्हणे कोणी म्हातारा माणूस बोलला. यानं त्याले सांगितलं की गाडी पाठव, तर तो म्हातारा हो म्हणाला. म्हणून हा दुसरीकडं कुठं गेलाच नाही. आम्ही वाट पाहत बसलो. तो ‘हो’ नसता म्हणाला, तर यानं मले खांद्यावर घालून सडकेपर्यंत नेलं असतं.”

मी विचारलं, “हे कोणाले सांगितलं नाही?”

“कोण मानते? म्हणतील, दारू प्यायला होता.”

तिनं लोटा माझ्यापुढं ठेवला. मी पाणी पिलं नाही. पाणी खदानीचं नव्हतं, हातपंपाचं होतं, तरी पिलं नाही. उठलो आणि सरळ पंचायतीत गेलो. चालत असताना माझा फोन मी बंद करून ठेवला होता, बॅटरीचं झाकण काढून.

मितानीन दारातच होती, स्कूटीची चाबी हातात, चेहरा उतरलेला. “फोन आला नाई, काकाजी. मी एक मिनिट बी हलली नाई.”

“माहीत आहे.”

“नंबर?”

“नंबर आला. पण तो कोणाचा नाही.”

लाल शाईचा पेन मागितला. रजिस्टर उघडलं. सतरापुढच्या ओळीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली, बाजूले सही केली, जशी खोडलेल्या नोंदीपुढं करायची असते, जी मी कधी केली नव्हती. वर लिहिलं, लागत नाही. सही वाकडी आली. मितानीननं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, याबद्दल मी तिचा आभारी आहे. तिले सांगितलं नाही, पण आहे.

पोळ्याच्या आठ दिवस आधी खांब उभा झाला, खदानीच्या पाळीवर. आम्ही बावीसही जागा पुन्हा तपासल्या. सतरावरून मितानीनचा आवाज स्वच्छ आला, तिच्या कागदावरच्या नंबरासकट, आणि संध्याकाळी दोन्ही रजिस्टर जुळले. गावाले मात्र नंबराची सवय लागून गेली. बाजारातून फोन आला तरी लोक आधी नंबर मागत आणि हसत. शेवटच्या घरातल्या त्या नवऱ्याले आम्ही नंबरांचा कागद देऊन पक्कं शिकवलं होतं, तपासणीच्या त्या पंचायतीच्या फोनवरच लाव, जागा सांग, नंबर दे, आणि समोरून नंबर आल्याशिवाय पुढं बोलू नको. नंबर नाही आला तर फोन फेक आणि बायकोले उचलून सडकेकडं निघ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मितानीनले दुर्गले मीटिंग होती. पंचायतीचा फोन आणि तिचा नंबरांचा कागद ती माझ्यापाशी ठेवून गेली. ऊन पडलं होतं, मी अंगणात बसून खुरप्याले दांडा बसवत होतो. फोन खाटेवर होता. कागद घरात, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात.

फोन वाजला.

“सतरा,” तो नवरा म्हणाला. दम लागलेला होता. “माझा नंबर बावन.”

आणि थांबला. शिकवलं तसा थांबला. मागून त्याच्या बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि तो थांबून होता, माझ्या नंबरासाठी. कागद घरात. मी उठू का, तेवढा वेळ आहे का, तो फोन फेकून निघाला तर, असं सगळं डोक्यात एकदम आलं आणि माझ्या तोंडातून निघालं, “एकेचाळीस.”

निघालं आणि मी ऐकलं. फोनमध्ये माझाच शब्द थोडा मागून परत आला, नव्या खांबावर कधी कधी येते तसा. थकलेला आवाज होता. त्याच्या आधीचा श्वास बी मी ओळखला. नातवानं ऐकवला होता तोच म्हातारा.

“बबा, निघा. जल्दी.”

मले माहीत होतं की आता मी काय म्हणणार. दुसरं काही म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तेच आलं. “हो.”

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चपला आणून पुढं ठेवल्या. मी अँबुलन्सले फोन केला, मितानीनले केला. मग पेटी उघडून जुनी हिरवी झेंडी काढली. खदानीकडं मुरमाचा रस्ता फुटते तिथं नवा ड्रायव्हर नेहमी चुकते, सरळ शाळेकडं जाते. मी त्या वयात जेवढं पळता येते तेवढं पळालो. पळताना एकच गोष्ट डोक्यात होती, की आपण हो म्हणून बसलो आहे. छाती फुटली तरी त्या फाट्यावर पोचायचं होतं. पोचलो. गाडी आली, मी झेंडी दाखवली, गाडी वळली, आणि मी तिच्यामागं सतरापर्यंत गेलो. तिथं जाऊन त्या नवऱ्याच्या समोर उभा राहिलो. काम काही नव्हतं माझं. त्यानं मले पाहावं एवढंच.

मुलगी झाली. दवाखान्यात, सुखरूप.

पाच-सहा दिवसांनी तो घरी आला, माझ्या बायकोच्या हातात गुळाची पुडी दिली आणि माझ्याजवळ ओट्यावर बसला. चपलेचा पट्टा ओढत राहिला. मग हिंदीत म्हणाला, खाली पाहत, “आवाज वही था, बबा. पिछले साल वाला.” पट्टा सोडून म्हणाला, “इस बार आप आए.”

मागच्या वर्षी त्या दुपारी मी कुठं होतो ते मले आठवते. याच ओट्यावर बसून होतो, माझ्याजवळ फोन नव्हता. पोरानं तो दिवाळीले दिला. हे त्याले सांगता आलं असतं. पण सांगून त्याचं काय झालं असतं?

तो गेल्यावर मी माझ्याकडंच राहिलेला मितानीनचा कागद काढला. दिलेला नंबर लगेच खोडायचा असा कायदा आहे, आणि मी पाच-सहा दिवस उशीर केला होता. एकेचाळीस त्यावर नव्हताच. म्हणून सगळ्यांच्या खाली तो आधी लिहिला. मग त्यावर रेघ मारली.